सामानाचं शिलंगण

दसरा हा साजरा करायचा सण आहे असं ज्यांना वाटतं, ते गृहस्थ मराठवाड्यातले नव्हेत असं खुशाल समजावं. आमच्याकडे दसरा 'काढतात'. दात काढावा, काटा काढावा, कर्ज काढावं, तसा दसरा काढावा लागतो. आणि या तिन्ही प्रकारांतला त्रास एकत्र केला म्हणजे दसरा काढण्याच्या त्रासाची साधारण कल्पना येते.

ज्या वाचकांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. पितृपक्ष उतरणीला लागला, की घटस्थापनेच्या आत घरातली एकूण एक वस्तू बाहेर काढायची. कपडे, गोधड्या, सतरंज्या नदीवर, विहिरीवर, नाहीतर कालव्यावर नेऊन धुवायच्या. भांडी अंगणात मांडून चिंचेनं घासायची. भिंतींवर पोतेरं फिरवायचं, जमीन सारवायची किंवा फरशी पुसायची. हे सगळं वाळलं, चकचकीत झालं, की घट बसायच्या आदल्या दिवशी प्रत्येक वस्तू जिथं होती तिथं पुन्हा नेऊन ठेवायची. माळ्यावरची माळ्यावर, कोनाड्यातली कोनाड्यात, पलंगाखालची पलंगाखाली. याला म्हणतात दसरा काढणं.

आमचं कुरुंदा वसमत तालुक्यात आहे. पूर्वी आमचा जिल्हा परभणी होता; १ मे १९९९ रोजी तो हिंगोली झाला. म्हणजे एका रात्रीत आमचा जिल्हा बदलला, पण आमच्या माळ्यावरची एक वस्तू इकडची तिकडे झाली नाही. घट बसायच्या आधीच्या आठवड्यात टोकाईच्या डोंगरावर चढून गावाकडं पाहावं. गच्च्या, माळवदं, कुंपणं, उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळीकडं गोधड्याच गोधड्या. गाव दिसत नाही, गावाचं अंथरूण दिसतं.

आता माझं म्हणणं सरळ सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचं आहे त्यांना आत्ताच रागवता येईल. दसरा काढण्याबद्दल माझी तक्रार नाही. वर्षातून एकदा घरातली प्रत्येक वस्तू उजेडात आणणारी ही पद्धत ज्यानं काढली, तो माणूस थोर होता. माझं भांडण आहे ते या पद्धतीच्या शेवटच्या कलमाशी, म्हणजे 'परत ठेवण्याशी'. जी वस्तू गेल्या दसऱ्याला धुऊन ठेवली आणि या दसऱ्यापर्यंत जिला कुणाचा हात लागला नाही, ती पुन्हा धुऊन पुन्हा ठेवणं हा सण नाही, शिक्षा आहे. आणि ही शिक्षा गुन्हेगाराला न होता घरातल्या बायकांना होते, हा तर उघड अन्याय आहे.

पुरावा म्हणून आमच्याच घराची झडती देतो. घरात कायमची माणसं तीन: आई, मी आणि सौ. मुलगा, सून आणि नात पुण्याला असतात, ती सणावारी येतात. एवढ्या माणसांसाठी गोधड्या बावीस. तांब्याचे हंडे चार, त्यातले दोन गळके. हळद शिजवायची एक लोखंडी कढई, तिला एक कान नाही. एक कंदील, त्याला काच नाही. एक रेडिओ, त्याला आवाज नाही. पण त्याचं लायसन्सचं पुस्तक मात्र शाबूत आहे. रॉकेलचे स्टोव्ह तीन: एकाला टाकी आहे, दुसऱ्याला वाती आहेत, तिसऱ्याला नुसतेच पाय आहेत. तिन्ही मिळून एक चांगला स्टोव्ह होतो, म्हणून वडिलांनी ते ठेवले होते. पुढं तो जोडून देणारा मिस्त्री वारला आणि मग वडीलही गेले. स्टोव्ह आहेत.

शिवाय युरियाची रिकामी पोती, धुऊन, घडी घालून, सुतळीनं बांधलेली. श्रीखंडाचे रिकामे डबे, ज्यांची झाकणं एकमेकांना बसत नाहीत. ज्या पाळण्यात मी झोपलो तो लाकडी पाळणा. आणि एक डबा नुसत्या किल्ल्यांचा. या किल्ल्यांची कुलपं कुठं आहेत ते कुणालाच माहीत नाही, पण किल्ली टाकली की दुसऱ्याच दिवशी कुलूप सापडतं, अशी आमच्या आईची खात्री आहे.

मी एकदा हिशेब मांडला. गेल्या तीस वर्षांत त्या पायांच्या स्टोव्हवर एकदाही चहा झाला नाही आणि तो तीस वेळा घासला गेला. एवढी घासाघीस लहानपणी माझ्या वाट्याला आली असती तर मी तहसीलदार झालो असतो. आणि तो घासला कुणी? ज्यांनी आणला त्यांनी? छे! वडिलांनी आणला, आईनं राखला, सौ.नं घासला. मी दर वर्षी खुर्चीत बसून 'जपून हं, त्याचा पाय ढिला आहे' एवढी कामगिरी बजावली.

या सगळ्या सामानाच्या पाठीशी एक पंथ उभा आहे. महाराष्ट्रात वारकरी, नाथ, महानुभाव, दत्त असे अनेक संप्रदाय झाले, पण अनुयायांच्या संख्येत या पंथाचा हात कुणी धरणार नाही. याचं नाव 'लागंल कधीतरी' पंथ. याला मठ लागत नाही, प्रत्येकाचा माळा हाच मठ. याची दीक्षा आईच्या मांडीवर मिळते. सामान बाहेर काढलं आणि मी एखादी वस्तू जरा लांब ठेवली, की आई लगेच विचारते,

"कशाला टाकायलास रे ते?"

"आई, याला बूड नाही."

"बूड नसू दे. लागंल कधीतरी."

बूड नसलेलं भांडं नेमकं कधी आणि कशाला लागेल, हा प्रश्न पंथाबाहेरच्या माणसानं विचारायचा नसतो.

खरं तर आपल्या परंपरेत सोडून देणाऱ्यांचीच मोठी थोरवी आहे. तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. मग घरी येऊन १९८९ सालचं विजेचं बिल जपून फाईलला लावतो. ज्यांनी लोकांकडून यायचा पैसा सोडला त्यांचे आपण वारसदार, आणि आपल्याला भरून झालेलं बिल सुटत नाही.

कुणी म्हणेल, असं कसं? आम्ही वस्तू बाहेर काढतो की! लग्नाकार्यात देतो, आहेर करतो. या मुद्द्यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण आहेर ही न वापरलेल्या वस्तूंची एसटी आहे. ती थांबते सगळीकडं, उतरत कुणीच नाही.

२०११ साली आमच्याकडं आलेल्या एका टॉवेलवर, टोपीच्या जोडीनं आलेला टॉवेल तो, माझ्या पेनाची शाई सांडली. कोपऱ्यात, एवढासा ठिपका. सौ.नं तो घडी उलटी करून ठेवला आणि पुढच्या लग्नसराईत एका सोयऱ्यांना दिला. तीन वर्षांनी वसमतला एका लग्नात माझा सत्कार झाला. मांडवात नाव पुकारलं, मी उठलो, डोक्यावर टोपी चढली, खांद्यावर टॉवेल आला. घरी येऊन पाहतो तर कोपऱ्यात निळा ठिपका! मला गहिवरून आलं. किती घरं हिंडून आला असेल बिचारा! आणि इतक्या घरांत एकानंही त्याला अंग पुसायची संधी दिली नव्हती. सौ. म्हणाली, "अहो, ठेवून द्या. पुढच्या महिन्यात नांदेडला लग्न आहे."

याला देणं म्हणत नाहीत. ही आपल्या घरातली अडगळ दुसऱ्याच्या माळ्यावर चढवण्याची सभ्य रीत आहे. त्यालाही ते माहीत असतं, आपल्यालाही असतं, आणि दोघंही फोटोत हसत असतात.

दुसरा प्रकार याहून वाईट. त्याचं नाव 'गरिबाला देऊन टाकू'. या बाबतीत मी बोहारणीला फार मानतो. दारात बसून ती आपली पँट उजेडाकडं धरते, गुडघा बघते, बूड बघते, शिवण ओढून बघते, आणि 'हे चालायचं नाही' म्हणून बाजूला ठेवते. इतकं निःपक्षपाती परीक्षण वर्तमानपत्रातसुद्धा वाचायला मिळत नाही. पण गंमत पुढं आहे. बोहारणीनं नाकारलेली ती पँट आपण घरात आणतो आणि म्हणतो, "राहू दे, एखाद्या गरिबाला देऊ." म्हणजे चमच्याच्या बदल्यातही जी कुणी घेतली नाही, ती आता पुण्याच्या बदल्यात खपवायची! गरिबाला काय गुडघे नसतात?

इराणमधल्या मशहद शहरात २०१५ साली एका भिंतीवर खुंट्या ठोकून कुणी लिहिलं, की नको असेल ते इथं अडकवा आणि हवं असेल ते घेऊन जा. ती कल्पना आपल्याकडंही आली आणि 'माणुसकीची भिंत' म्हणून गावोगाव उभी राहिली. फार चांगली कल्पना. पण काही भिंतींखाली मी पाहिलंय: एका पायाचा बूट, इलास्टिक गेलेल्या चड्ड्या, चेन नसलेली दप्तरं. भिंत माणुसकीची आणि तिच्या पायथ्याशी आपला उकिरडा. 'गूंज' नावाची संस्था १९९९ पासून हेच कानीकपाळी ओरडून सांगत आली आहे, की जुना कपडा ही भीक म्हणून देऊ नका, घेणाऱ्याचा मान ठेवून द्या. ती संस्था काढणाऱ्या अंशू गुप्तांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपण टाळ्या वाजवल्या आणि चेन नसलेलं दप्तर भिंतीला अडकवून आलो.

आता तिसरा प्रकार, परदेशी. आमच्या सूनबाई शिकलेल्या आहेत. एका वर्षी त्या दसऱ्याला येताना एक इंग्रजी पुस्तक घेऊन आल्या. मारी कोंडो नावाच्या जपानी बाईंनी लिहिलेलं; ते आधी जपानात निघालं आणि मग जगभर गाजलं. त्यातली युक्ती अशी, की एकेक वस्तू हातात घ्यायची आणि मनाला विचारायचं, हिच्यामुळं आनंद होतो का? होत असेल तर ठेवायची. होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा.

सूनबाईंनी हे आईला समजावून सांगितलं. आईनं मला विचारलं, "काय म्हणायली ती?"

"म्हणतीय, वस्तू हातात घे आणि आनंद होतो का बघ."

आईनं बूड नसलेलं भांडं हातात घेतलं. तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला म्हणता! मग कान तुटलेली कढई. दुप्पट आनंद. मग पायांचा स्टोव्ह. डोळ्यांत पाणी, कारण वडिलांची आठवण. संध्याकाळपर्यंत घरातल्या एकशे चाळीस वस्तूंना हात लागला आणि एकशे चाळीस वेळा आनंद झाला. निरोप फक्त एका वस्तूला मिळाला. सूनबाईंचं पुस्तक आईनं हातात घेतलं आणि म्हणाली, "हे घेऊन जा बाई परत."

मला त्या जपानी बाईंबद्दल आदर आहे. पण त्यांची युक्ती एकट्या माणसाच्या खोलीला लागू पडते. आमच्याकडं वस्तू एकाची, आठवण दुसऱ्याची आणि धुणं तिसरीचं असतं. अशा ठिकाणी आनंद विचारून काय उपयोग? विचारायचं ते कष्टाबद्दल विचारावं.

आता न्यायानं वागायचं तर विरोधी पक्षाचीही बाजू मांडली पाहिजे. 'कधीतरी' हा दिवस आमच्या घरी खरोखरच दोनदा उगवला. पैकी दुसरा आधी सांगतो, कारण तो हसण्यावारी नेता येतो.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधायला सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि सगळा मराठवाडा निजामाच्या काळचे कागद शोधू लागला. ज्या उर्दू कागदांत कालपर्यंत कुणी जवस बांधून ठेवले असते, त्यांना एकदम ताम्रपटाचं मोल आलं. आमच्या एका भाऊबंदाला आठवलं, की आजोबांच्या काळचा एक कागद आमच्या घरी असायचा. आईची मान ताठ झाली. "बघ! टाकू टाकू करत होतास. लागलं का नाई?"

लागलं, कबूल. पण सापडलं का? तो एक कागद शोधायला आम्हांला अकरा दिवस लागले. वाटेत १९८९ चं ते वीजबिल सापडलं, बंद पडलेल्या मासिकाच्या वर्गणीच्या पावत्या सापडल्या, माझं नववीचं प्रगतिपुस्तक सापडलं (ते नातीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, तो भाग सोडून देऊ). कागद सापडला तो बाराव्या दिवशी, किल्ल्यांच्या डब्याच्या तळाला कागद म्हणून अंथरलेला. जे चाळीस किलो आपण जपून ठेवलं होतं, त्यानं एक कामाचा कागद अकरा दिवस लपवून ठेवला. हरवलेली वस्तू आणि अडगळीतली वस्तू यांत फरक एवढाच, की हरवलेल्या वस्तूला दसऱ्याला धुवावं लागत नाही.

पहिला 'कधीतरी' मात्र हसण्यासारखा नव्हता. २०२२ च्या जुलैत अतिवृष्टी झाली आणि कुरुंद्यात पुराचं पाणी शिरलं. आमचं घर जरा उंचावर, जोत्याचं, म्हणून थोडक्यात निभावलं. खालच्या गल्लीतल्या घरांत चुलीपर्यंत पाणी. धान्य भिजलं, अंथरूण भिजलं, पोरांची दप्तरं भिजली. पाणी ओसरल्यावर माणसं वर आली ती अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी.

आईनं कुणाची वाट पाहिली नाही. ती पंच्याऐंशीची बाई दारात येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "काढ रे वरच्या सगळ्या गोधड्या. टॉवेल काढ, शाली काढ. काही ठेवू नको." एवढंच म्हणून थांबली नाही, सौ.कडं वळून, "बघ, म्हणून ठेवत असतेत," असंही म्हणाली. आणि त्या क्षणी, खरं सांगतो, मला माझं सगळं तत्त्वज्ञान परत घ्यावंसं वाटलं.

मी माळ्यावर चढलो. बावीस गोधड्या एकेक करून खाली दिल्या. वरच्या चार-पाच चांगल्या निघाल्या. त्यांच्या खालच्या दोन उंदरांनी आपलेपणानं वापरल्या होत्या. काहींना कसर लागली होती. आणि बाकीच्या वरून धडधाकट दिसत होत्या, पण उलगडताना चरचर आवाज करत होत्या. आहेराचे टॉवेल भरपूर होते. पण कधी पाणी न लागलेला खळीचा टॉवेल ओल्या अंगावरून नुसता घसरतो, पाणी टिपत नाही. पोरांची डोकी पुसायला शेवटी आम्ही आमचे रोजचे, विरलेले पंचेच दिले.

खालच्या गल्लीतली एक सून कडेवर तान्हं पोर घेऊन उभी होती. आईनं तिला स्वतःच्या हातानं गोधडी दिली. फार जुनी, आईच्या आईनं शिवलेली, लुगड्यांची. वर्षानुवर्षं दर दसऱ्याला धुतलेली, उन्हात वाळवलेली आणि कधीही न पांघरलेली. त्या पोरीनं ती झटकून पोराभोवती गुंडाळली आणि गोधडी मधोमध टरकन फाटली. पोरगी घाबरली. तिला वाटलं, आपल्याच हातून काही झालं. "मोठ्या आई, म्या जोरात नाई ओढली," म्हणाली.

आई काही बोलली नाही. तिनं आपल्या अंगावरची शाल काढून पोराभोवती गुंडाळली, आणि ते दोन तुकडे हातात घेऊन किती तरी वेळ पायरीवर बसून राहिली.

बावीसपैकी नऊ गोधड्या कामाला आल्या. म्हणजे तेरा गोधड्या आम्ही ज्या 'कधीतरी'साठी ठेवल्या होत्या, तो दिवस उगवायच्या आधीच त्या मेल्या होत्या. वापरून नव्हे, तर राखून राखून आणि धुऊन धुऊन. पंथाच्या लोकांना मला एवढंच सांगायचं आहे. 'लागंल कधीतरी' हे खोटं नाही, अगदी खरं आहे. फक्त ते 'कधीतरी' बहुतेक वेळा आत्ताच असतं आणि ते दुसऱ्याच्या घरी असतं. आपण माळ्यावर ठेवून वाट बघतो, आणि ज्याला लागत असतं तो चार घरं पलीकडं कुडकुडत असतो.

त्या वर्षी सप्टेंबरात घट बसायच्या आधी आमच्याकडं दसरा निघाला तो नव्या कायद्यानं. कायदा आईनं केला. मी फक्त कलमं लिहून घेतली. घरोघरी लहानथोरांना शिकवावा असा तो आहे, म्हणून इथं देतो.

पहिलं कलम: ज्याची वस्तू त्यानं धुवावी. या एका कलमानं अर्धं घर रिकामं होतं. वडिलांच्या पश्चात स्टोव्ह माझ्याकडं आले असल्यामुळं मी अंगणात पाट मांडून पहिला स्टोव्ह घासायला घेतला. अर्ध्या तासात मला जे वैराग्य आलं ते मोठमोठ्या लोकांना हिमालयात जाऊन येत नाही. तिन्ही स्टोव्ह त्याच संध्याकाळी भंगारवाल्याकडं गेले.

दुसरं कलम: दुसऱ्याच्या वस्तूचा निकाल आपण लावायचा नाही. घरात ज्यांना टाकायची हौस असते ते नेहमी दुसऱ्याचं टाकतात. मी आईची भांडी टाकायला निघालो होतो, सूनबाई माझी मासिकं टाकायला निघाल्या होत्या आणि नात तिच्या आईचे पाच चार्जर टाकायला निघाली होती. सोडून द्यायला शिकवायचं तर आधी स्वतःचं सोडून दाखवावं.

तिसरं कलम: द्यायचं ते आज वापरता येईल असंच द्यावं, धुतलेलं, शिवलेलं, बटणं लावलेलं. जे बोहारीण घेणार नाही ते माणसाला द्यायचं नाही. फाटक्याची पायपुसणी करावीत, नाहीतर भंगारात घालावं; पण त्याला दान म्हणू नये.

चौथं कलम: आठवण एक ठेवावी, ढीग ठेवू नये. गोधडीच्या त्या दोन तुकड्यांतून सौ.नं एक छोटं दुपटं शिवलं. ते ठेवलं आहे. पण माळ्यावर नाही. नात आली की पांघरते. आणि निजामकाळचा तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला आहे. हाक मारली की सापडतो.

पाळणा गेला. खालच्या गल्लीतल्या त्याच सुनेकडं गेला. सुताराकडून त्याची कडी बदलून घेतली आणि मगच पाठवला. आता तो रोज हलतो, कुरकुरतो, आणि संध्याकाळी नीट कान दिला तर आमच्या ओट्यावर ऐकू येतो. माळ्यावर होता तेव्हा मला त्याची आठवण वर्षातून एकदा, तीही पायावर पडेल म्हणून यायची.

हे सगळं करताना मला दसऱ्याची मूळ गोष्ट आठवली. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी हव्या होत्या १४ कोटी मोहरा. रघुराजा सगळं दान करून बसलेला, म्हणून त्यानं कुबेरावर स्वारीची तयारी केली आणि कुबेरानं भिऊन झाडावर सोन्याचा पाऊस पाडला. कौत्सानं मोजून १४ कोटी घेतल्या. उरलेल्या तो घेईना, आणि दिल्या वस्तू परत घ्यायला रघूही तयार होईना. ढीग झाडाखाली पडून राहिला आणि शेवटी लोकांनी तो वाटून नेला. म्हणजे ज्या सणाची गोष्टच मुळी 'उरलेलं घरात न्यायचं नाही' ही आहे, त्या सणाच्या आधी आपण उरलेलं सगळं धुऊन घरात नेतो! कौत्साच्या जागी आपण असतो तर चौदा कोटी घेतल्या असत्या, वरच्याही घेतल्या असत्या, आणि शिवाय झाड तोडून नेलं असतं. लागंल कधीतरी.

दसऱ्याला माणसं शिलंगणाला वेशीबाहेर जातात. माझं म्हणणं इतकंच, की माणसं निघायच्या आधी सामानाचं शिलंगण होऊ द्या. त्याला वेशीपर्यंत जायला नको, उंबरा ओलांडला तरी पुरे.

आमचं घर एकदम निर्मळ झालं असं मात्र समजू नका. माझी कात्रणांची पेटी अजून दर वर्षी बाहेर येते आणि पहिल्या कलमानुसार मीच ती पुसून आत नेतो. गेल्या दसऱ्याचीच गोष्ट. संध्याकाळी नातीनं आईच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि पाया पडली. आईनं सवयीनं ते पान आपल्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. डबा उघडल्यावर नातीनं आत डोकावून पाहिलं. किती तरी दसऱ्यांचं सोनं आत साठलेलं, वाळून पार चुरा झालेलं.

"मोठी आजी, हे सगळं कशाला ठेवलंय?"

आईनं डब्याकडं पाहिलं, नातीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. काठी टेकत उठली, परसात गेली आणि सगळा चुरा पेरूच्या झाडाच्या बुडाशी ओतला. मला भरून आलं. इतक्या वर्षांच्या वादात शेवटी माझी सरशी झाली होती.

मग तिनं हौदाच्या पाण्यानं डबा स्वच्छ धुतला, पदरानं पुसला, आणि आत येऊन होता त्याच कोनाड्यात पुन्हा ठेवला.

"डबा चांगलाय," म्हणाली. "लागंल कधीतरी."